कॅम्पसमधले स्विच एका पडद्यावर: लिब्रेएनएमएस पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

आमच्या कॉलेजात नेट बंद पडलं की ते आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळायचं, मग परीक्षा विभागात, आणि सगळ्यात शेवटी मला. फोन यायचा, "सर, नेट नाहीये." कुठे नाही, कधीपासून नाही, एकट्यालाच नाही की सगळ्या मजल्याला, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. मग मी लॅपटॉप आणि कन्सोल केबल (स्विचला लॅपटॉप थेट जोडायची) घेऊन निघायचो. नऊ इमारती, ४६ स्विच (नेटच्या केबल एकत्र जोडणारी यंत्रं), आणि त्यातले निम्मे अशा कपाटांत की ज्यांच्या चाव्या तिसऱ्याच माणसाकडे.

आता हे सगळे स्विच लिब्रेएनएमएस (LibreNMS) या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या साधनात दिसतात. बसवताना मी बऱ्याच चुका केल्या. तुमच्यावर ही जबाबदारी नवीन आली असेल, तर त्यातल्या काही तरी तुमच्या टळतील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण साहेब लोकांचा इथे गैरसमज होतो. लिब्रेएनएमएस स्विचवर नजर ठेवतं, स्विचमध्ये काही बदलत नाही. एखादं पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकायचं असेल तर ते स्विचवर लॉगिन करूनच टाकावं लागेल. ब्राउझरमधून व्हीलॅन बदलायची सोय हवी असेल तर नॉर्वेच्या एनटीएनयू विद्यापीठात सुरू झालेलं नॅव्ह नावाचं मुक्त साधन बघा, त्यात पोर्टअ‍ॅडमिन नावाचा भाग त्यासाठीच आहे. पण बदलण्याआधी काय कुठे आहे ते दिसायला हवं, म्हणून मी इथून सुरुवात केली. लिब्रेएनएमएस २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियम या तशाच जुन्या साधनापासून फुटून निघालं. ते मुक्त आहे, लायसन्सचा खर्च नाही, त्यामुळे खरेदी समितीपुढे जावं लागत नाही. सरकारी अनुदानित कॉलेजात काम करणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

लागणाऱ्या वस्तू

- एक मशीन. आमच्याकडे लॅबमधून बाद झालेला डेस्कटॉप आहे, ८ जीबी मेमरीचा. त्यात एसएसडी मात्र नवीन घाला. हे साधन दर पाच मिनिटांनी शेकडो छोट्या फायलींवर लिहीत असतं, जुनी हार्डडिस्क त्याखाली दमते.
- त्या मशीनला यूपीएस. कोअर, म्हणजे सगळ्या इमारती जिथे येऊन मिळतात त्या मुख्य स्विचच्याच यूपीएसवर असेल तर उत्तम.
- सगळ्या स्विचची यादी: इमारत, मजला, मॉडेल, आयपी, लॉगिन, कपाटाची चावी कोणाकडे.
- कन्सोल केबल. ज्या स्विचचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही असे दोन-तीन निघतातच.
- मॅनेजमेंट व्हीलॅन. सगळ्या स्विचचे आयपी एकाच वेगळ्या व्हीलॅनमध्ये असावेत. विद्यार्थ्यांच्या वायफायमधून स्विचचं लॉगिन पान उघडत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते बंद करा.
- लेखी परवानगी. मेलवर दोन ओळी पुरतात, पण हव्यातच.

१. आधी कॅम्पस पायी फिरा

ही पायरी मी टाळली आणि तीन आठवडे वाया घालवले. जुन्या ठेकेदाराने दिलेल्या एक्सेल यादीवर विश्वास ठेवून कामाला लागलो. यादीत ३८ स्विच होते, प्रत्यक्षात ४६ निघाले. मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर नोटीस बोर्डामागे एक लाकडी पेटी होती. तिच्यात मुंग्यांनी अर्धी जागा घेतली होती आणि उरलेल्या अर्ध्या जागेत २४ पोर्टांचा स्विच सुखाने चालला होता. त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नव्हता.

फिरताना कॉलेजच्या वायरमनला बरोबर घ्या. आमच्या वायरमन मामांना कुठली केबल कुठल्या भिंतीतून गेली ते तोंडपाठ आहे, आणि ते रिटायर झाले की ती माहितीही जाईल. प्रत्येक रॅकचा फोटो काढा. अपलिंक (पुढच्या स्विचकडे जाणारी जोडणी) कुठल्या पोर्टवर आहे ते तिथेच उभं राहून लिहून घ्या. खोलीवर परत आल्यावर ते आठवत नाही.

फिरून आलात की प्रत्येक स्विचला नाव द्या. इमारतीचं लघुरूप, मजला, अनुक्रमांक, बस. हे नुसत्या टापटिपीसाठी नाही. कारखान्यातून आलेल्या स्विचचं नाव नुसतं 'स्विच' असतं, आणि लिब्रेएनएमएस मुळात एकाच नावाचं दुसरं उपकरण घेत नाही. पहिला स्विच जोडला जातो, दुसरा नाकारला जातो, आणि तुम्ही फायरवॉल तपासत बसता. ती सेटिंग बदलून एकाच नावाचे स्विच घालता येतात, पण तसं केलंत तर पुढे अलर्ट येईल तेव्हा मोबाइलवर लिहिलेलं असेल: 'स्विच' बंद पडला.

स्विचमध्ये जागेचं नाव लिहायचीही सोय असते, तेही भरा. त्या मजकुराच्या शेवटी चौकटी कंसात अक्षांश आणि रेखांश स्वल्पविरामाने टाकले तर लिब्रेएनएमएस ते उचलून स्विच नकाशावर दाखवतं.

२. स्विचवर एसएनएमपी चालू करा, पण नीट

लिब्रेएनएमएस स्विचशी एसएनएमपीने (उपकरणांची स्थिती विचारायची ठरलेली भाषा) बोलतं, यूडीपी पोर्ट १६१ वर. याच्या तीन आवृत्त्या भेटतात.

पहिली आवृत्ती वापरू नका. तिच्यात पोर्टमधून किती बाइट गेले हे मोजणारे मोठे, ६४ बिटांचे काउंटर नाहीत. ३२ बिटांचा काउंटर एक गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो. तुम्ही विचारणार दर पाच मिनिटांनी. मधल्या वेळात तो कितीदा फिरला कोणाला ठाऊक? ग्राफ दिसतो सुंदर, असतो खोटा.

दुसरी, म्हणजे टू-सी, चालते, पण तिची कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) साध्या मजकुरात जाते. 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' ही कारखान्यातली नावं राहिली असतील तर आजच काढा. 'प्रायव्हेट'ला बहुतेक वेळा लिहिण्याचा हक्क असतो, म्हणजे ते माहीत असलेला कोणीही पोर्ट बंद करू शकतो.

तिसरी आवृत्ती वापरा. वापरकर्ता, ओळखीसाठी एसएचए, मजकूर झाकायला एईएस, आणि हक्क फक्त वाचण्याचा. पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा लहान ठेवू नका. एसएनएमपीला उत्तर फक्त तुमच्या सर्व्हरच्या आयपीलाच मिळेल अशी अ‍ॅक्सेस लिस्टही लावा.

आता एक सापळा. काही स्विचमध्ये, विशेषतः सिस्कोच्या आयओएस या स्विचमधल्या प्रणालीवर (आयफोनची नव्हे), तिसऱ्या आवृत्तीचा वापरकर्ता चालू कॉन्फिगमध्ये दिसतच नाही. जळालेला स्विच बदलला, जुनं कॉन्फिग जसंच्या तसं चढवलं, नेट सुरू झालं, सगळे खूश. मात्र लिब्रेएनएमएसमध्ये तो स्विच अजून लाल रंगातच. वापरकर्ता हाताने पुन्हा तयार करावा लागतो, कारण त्याची किल्ली त्या विशिष्ट स्विचच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपीतली त्याची ओळख) बांधलेली असते. हे मी रॅकच्या दारावर आतून चिकटवून ठेवलंय.

३. सर्व्हरवर बसवणी

अधिकृत दस्तऐवजात उबुंटू आणि डेबियनसाठी ओळीने कमांड दिलेल्या आहेत, त्या तिथूनच घ्या. मी इथे देत नाही, कारण लेखातून उचललेल्या कमांडमध्ये साध्या डॅशचा लांब डॅश होतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. माझी एक संध्याकाळ त्यातच गेली आहे. डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यातून चालवायची पद्धत) येत असेल तर तोही मार्ग बरा आहे. येत नसेल तर दोन नव्या गोष्टी एकदम शिकायला जाऊ नका.

जुन्या व्हिडिओंपासून सावध. त्यांत उपकरण जोडायला वेगळी पीएचपी स्क्रिप्ट चालवलेली दिसेल. आता 'एलएनएमएस' ही एकच कमांड असते आणि बाकी कामं तिच्या पोटात. आवृत्तीचा क्रमांक वर्ष-महिना असा असतो, २४.१ म्हणजे जानेवारी २०२४. त्यामुळे समोरचा लेख किती शिळा आहे ते लगेच कळतं.

बसवताना बहुतेक जण अडखळतात त्या जागा अशा:

वेळ. सर्व्हरची वेळ भारतीय हवी, आणि पीएचपीच्या सेटिंगमध्येही 'एशिया कोलकाता' हवं. पीएचपीच्या फायली दोन असतात, एक वेबसाठी आणि एक कमांडसाठी, दोन्हींत बदला. मी सुरुवातीला सर्व्हर जागतिक वेळेवरच ठेवला होता. ग्राफमध्ये लॅबचा स्विच सकाळी साडेआठला पडलेला, मामांच्या वहीत लाइट गेल्याची नोंद दुपारी दोनची. "मामा, तुमची वही चुकली," म्हणालो. "सर, माझं घड्याळ भिंतीवर आहे, तुमचं कुठंय?" साडेपाच तासांचा हिशोब डोक्यात पेटायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

वेळेचं आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि घड्याळं एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. स्विचपासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना वेळ पुरवणारा एकच एनटीपी सर्व्हर द्या. उद्या सायबर शाखेतून पत्र आलं तर पहिला प्रश्न 'किती वाजता' हाच असतो.

सेटिंगची फाइल. पूर्वी सगळं कॉन्फिग डॉट पीएचपी या फाइलमध्ये लिहायचे. आता बहुतेक सेटिंग ब्राउझरमधून होतात. पण एखादी गोष्ट त्या फाइलमध्ये लिहिली असेल तर ब्राउझरमध्ये ती बदलता येत नाही, फाइलचाच शब्द शेवटचा. जुन्या लेखातून दहा ओळी चिकटवल्या असतील तर त्या काढा आणि पुन्हा ब्राउझरमधून भरा.

शेवटी तपासणीचं पान उघडा, मेनूत 'व्हॅलिडेट कॉन्फिग' असं दिसेल. काय चुकलंय ते ते स्वतःच सांगतं, आणि काही चुका तिथल्या बटणाने सुधारतातही. सगळं हिरवं होईपर्यंत पुढे जाऊ नका. आणि लिब्रेएनएमएसचं वेबपान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन.

४. स्विच जोडा: आधी एक, मग पाच, मग बाकी

पहिला जोडायचा तो कोअर स्विच. आयपी, एसएनएमपीची माहिती, जोडा. नाही झालं तर क्रमाने बघा: सर्व्हरवरून पिंग जातो का, अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये सर्व्हरचाच आयपी आहे का, पासवर्डमध्ये कमांडलाइनला न आवडणारं चिन्ह आहे का. उद्गारचिन्ह आणि डॉलर ही नेहमीची दुखणी.

स्विचवर एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगायची पद्धत) चालू असेल तर शेजारचे स्विच कोणते हे लिब्रेएनएमएस स्वतः ओळखतं आणि आपोआप जोडूही शकतं. मी ते आपोआप जोडणं बंद ठेवलं. यादी आपल्या हाताने भरली की कुठला स्विच कुठे आहे ते डोक्यात बसतं. नकाशा मात्र एलएलडीपीवरूनच काढू द्या. माझ्या वहीतल्या अपलिंकपैकी चार चुकीचे होते, ते त्या नकाशाने दाखवले.

एसएनएमपी नसलेला स्वस्तातला स्विच किंवा बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र असेल तर ते नुसत्या पिंगवरही जोडता येतं. ग्राफ मिळत नाहीत, पण जिवंत आहे की नाही ते कळतं.

५. आठवडाभर अलर्ट बंद

नवीन माणूस पहिल्याच दिवशी सगळे अलर्ट चालू करतो. मीही केले. संध्याकाळी पाचला लॅब बंद झाल्या, मुलांनी पीसी बंद केले, आणि प्रत्येक पोर्ट खाली गेल्याचा एकेक मेल. दुसऱ्या दिवशी मी ते सगळे थेट कचऱ्यात टाकणारा नियम मेलमध्ये लावला. मग तिसऱ्या दिवशी खरोखरच ग्रंथालयाचा अपलिंक गेला, त्याचा मेलही कचऱ्यातच गेला.

आठवडाभर नुसतं बघा. मग थोडेच नियम लावा: स्विच बंद, अपलिंक पोर्ट बंद, अपलिंकवर चुका वाढतायत, तापमान चढलंय. अपलिंक ओळखता यावेत म्हणून त्या पोर्टांचं वर्णन स्विचवरच ठरावीक शब्दाने सुरू करा आणि नियमात तोच शब्द शोधा. विद्यार्थ्यांच्या पोर्टांसाठी अलर्ट कधीच नको.

प्रत्येक नियमाला थोडा उशीर द्या. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ आमच्याकडे दीड मिनिट आहे, म्हणून उशीर पाच मिनिटांचा.

मग अवलंबित्व भरा. कोणता स्विच कोणाच्या मागे आहे ते सांगितलं, की इमारतीचा मुख्य स्विच पडल्यावर मागच्या सहांचे वेगळे अलर्ट येत नाहीत. एकच मेल, आणि तोही मुळाचा.

अलर्ट कुठे पाठवायचे? मेल, टेलिग्राम, बऱ्याच वाटा आहेत. पण विचार करा: कॉलेजचं इंटरनेटच गेलं तर 'इंटरनेट गेलं' हा निरोप कुठल्या वाटेने बाहेर पडणार? आमच्या सर्व्हरला सिमकार्डचं एक डोंगल लावलंय, टेलिग्रामचा निरोप त्यावरून जातो. महिन्याचा रिचार्ज मी खिशातून करतो, बिल मंजूर व्हायचं आहे.

६. मॅक अ‍ॅड्रेसवरून माणूस शोधणे

माझ्या मते हे साधन बसवायला एवढं एकच कारण पुरे आहे. मॅक म्हणजे प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक.

गेल्या पावसाळ्यात मुलांच्या वसतिगृहातून तक्रार आली, निम्म्या खोल्यांत नेट नाही. बाधित लॅपटॉप पाहिला, तर आयपी आमच्या रेंजचाच नव्हता. १९२.१६८.० ने सुरू होणारा, म्हणजे कुठल्या तरी घरगुती राउटरने वाटलेला. त्याच लॅपटॉपवर गेटवेचा मॅक अ‍ॅड्रेस बघितला आणि लिब्रेएनएमएसच्या एफडीबी (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर दिसला त्याचा तक्ता) शोधात टाकला. एकच मॅक आठ ठिकाणी दिसला.

नवीन माणूस इथे गोंधळतो. मॅक अ‍ॅड्रेस त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक स्विचवर दिसतो, कारण प्रत्येकाला तो आपल्या एखाद्या अपलिंकच्या दिशेने ऐकू येतो. अपलिंक पोर्ट एकेक करून खोडत जा. उरतं ते एकच साधं पोर्ट, तिथे तो बसलेला. पोर्टांना वर्णनं दिली असतील तर ही खोडाखोड अर्ध्या मिनिटाची. आमच्याकडे उरलं दुसऱ्या मजल्यावरचं १७ नंबरचं पोर्ट, पॅच पॅनलवर खोली २१२. रेक्टर सरांना बरोबर घेऊन गेलो. पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात, घरून आणलेला राउटर. भिंतीतली केबल त्याच्या पिवळ्या पोर्टात खोचलेली, निळ्या, म्हणजे इंटरनेट आत घ्यायच्या पोर्टात खोचली असती तर काही झालं नसतं. पोराला वाटलं होतं वायफायची रेंज वाढेल. रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या रात्री सगळ्या अ‍ॅक्सेस स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राउटरला आयपी वाटू न देणारी सोय) लावलं. ते आधीच लावायला हवं होतं, चूक माझी.

दोन मर्यादा लक्षात असू द्या. हे मॅकचे तक्ते डिस्कव्हरीच्या (उपकरणाची सविस्तर पाहणी) वेळी भरतात, आणि डिस्कव्हरी मुळात दर सहा तासांनी होते. माणूस तासाभरापूर्वी जागा बदलून गेला असेल तर पडद्यावर जुनी जागा दिसेल. म्हणून दार ठोठावण्याआधी त्या उपकरणाची डिस्कव्हरी हाताने चालवा, किंवा स्विचवरच लॉगिन करून खात्री करा. दुसरं, अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वायफायवर बनावट, बदलता मॅक वापरतात, तिथे ही युक्ती लंगडी पडते. भिंतीतल्या केबलसाठी ती पक्की.

७. चुकांचे काउंटर बघायची सवय

पोर्टांची यादी चुकांच्या क्रमाने लावा आणि दर सोमवारी वरची दहा बघा. दोन मिनिटांचं काम. परीक्षा विभागाच्या एका पोर्टवर चुका फक्त अकरा ते पाच वाढायच्या, रात्री शून्य. जाऊन पाहिलं तर केबल दाराच्या फटीतून गेलेली, आणि ऑफिसच्या वेळेत ते दार दिवसभर उघडमीट व्हायचं. ४० रुपयांचं केसिंग लावलं, संपलं. त्याआधी दोनदा पीसी बदलून झाला होता.

८. नव्याने आलेल्या सोयी

२०२४ पासून स्वतःचे नकाशे काढायची सोय आत आली आहे. मागे कॉलेजच्या आराखड्याचं चित्र टाकायचं, त्यावर स्विच ठेवायचे, मध्ये रेषा जोडायच्या. रेषांचे रंग वाहतुकीप्रमाणे बदलतात. पूर्वी यासाठी वेदरमॅप नावाचं वेगळं प्लगइन बसवावं लागे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी हाच नकाशा लावून दिला, आता फोन जरा कमी येतात.

नियमावर चालणारे गटही वापरा. 'नावाची सुरुवात वसतिगृहाच्या लघुरूपाने' असा नियम दिला की नवा स्विच आपोआप त्या गटात जातो. पुढे देखभालीची वेळ त्या अख्ख्या गटाला एकदम लावता येते. महावितरणने गुरुवारी बंद जाहीर केला, की बुधवारीच तेवढ्या तासांची देखभाल टाकून द्यायची.

अपडेट रोज आपोआप होतं. ते मासिक स्थिर आवृत्तीवर ठेवा, रोजच्या बदलांवर नको. परीक्षेच्या महिन्यात मी तेही थांबवतो.

९. कॉन्फिगचा बॅकअप

लिब्रेएनएमएस स्विचचं कॉन्फिग साठवत नाही, त्यासाठी ऑक्सिडाइज्ड हे वेगळं साधन जोडावं लागतं. स्विचची यादी ते लिब्रेएनएमएसकडूनच घेतं, ठरावीक वेळाने प्रत्येकावर लॉगिन करतं आणि कॉन्फिग गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवतं. कोणती ओळ कधी बदलली ते मग लिब्रेएनएमएसच्याच पानावर दिसतं. त्याचं वेबपान मात्र सर्व्हरच्या आतल्या १२७.०.०.१ वरच ठेवा. नेटवर्कवर उघडं ठेवलंत तर सगळ्या स्विचची कॉन्फिग कोणालाही वाचायला मिळतील. लॉगिनसाठी वेगळा, फक्त वाचण्याच्या हक्काचा वापरकर्ता करा.

आणि खुद्द या सर्व्हरचा बॅकअप? डेटाबेस, ग्राफच्या आरआरडी फायलींचं फोल्डर, आणि डॉट ईएनव्ही ही लपलेली फाइल, तिन्ही घ्या. तिसरी सगळे विसरतात, आणि गुपितं उलगडायची किल्ली तिच्यातच असते. आमचा बॅकअप दर रविवारी रात्री दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जातो. ते मशीन त्याच मुंग्यांच्या पेटीवाल्या स्विचला जोडलंय. पेटी आता पत्र्याची आहे.